एकशे सत्ताविसावा दात

टर्नर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला लोक दोन गोष्टी विचारतात. एक, बोटं सगळी शाबूत आहेत का? आणि दोन, हे काम बसून करता येत नाही का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दोन्ही हात पुढे करून देतो. दुसऱ्याचं देत नाही, कारण विचारणारा बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला असतो आणि मी उभा असतो. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, अपघातांबद्दल लिहा, लोक आवडीने वाचतात." तिची माफी मागून मी एका आकड्याबद्दल लिहिणार आहे. आयुष्यात मी बरीच मोठी माणसं पाहिली, पण एकशेसत्तावीस या आकड्याइतका मान मी फार थोड्यांना दिला.

आधी खराद, म्हणजे लेथ, काय असतो ते सांगतो, म्हणजे पुढे अडणार नाही. कुंभाराकडे माती फिरते आणि हात स्थिर असतो, तसं आमच्याकडे लोखंड फिरतं आणि हत्यार स्थिर असतं. पण लोखंडाच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडायचे असले, तर हत्यार स्थिर ठेवून भागत नाही. दांडा एक फेरा घेईल तेवढ्यात हत्याराला ठरलेलं अंतर पुढे सरकावं लागतं. किती सरकायचं ते खरादाच्या डाव्या अंगाला बसवलेली दातेरी चाकं ठरवतात. चाकं बदलली की आट्यांमधलं अंतर बदलतं. म्हणून प्रत्येक खरादासोबत चाकांचा एक संच येतो, आणि शहाणा टर्नर तो कुणाला उसना देत नाही.

आमच्या उस्तादांचा खराद विलायती होता. कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. वाशीमला स्टेशनच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. तेव्हा वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला. वडील मजुरी करायचे. छप्पन सालानंतर आमच्या घरात बुद्धाची तसबीर आली आणि तिच्या मागोमाग 'पोरगं शिकलं पाहिजे' हा वडिलांचा हट्टही आला. त्या हट्टापायी मी अकोल्याला आयटीआय केलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उस्तादांकडे कामाला लागलो.

पहिल्या दिवशी मी शेडमधल्या माठापाशी जाऊन थबकलो. गावाकडची सवय होती, कुणी वरून पाणी वाढील म्हणून ओंजळ तयार ठेवायची. उस्तादांनी खरादावरून मान वळवली आणि विचारलं, "काहून उभा हायेस बे? पाणी पेयाले मुहूर्त लागते का?" मी पेला बुडवला आणि प्यालो. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा झालो, हे मला आज लिहितानाही लाजल्यासारखं वाटत नाही.

खराद उत्तम होता, पण त्याचा सारा हिशेब इंचात. हत्यार सरकवणारा जो लांब दांडा असतो, त्याच्यावर इंचाला चार आटे. आणि सत्तरचं दशक म्हणजे आमच्या धंद्यातून इंच उठून जायचा आणि मिलीमीटर येऊन बसायचा काळ. नवीन पंप मिलीमीटरचे, नवीन इंजिनं मिलीमीटरची. गिऱ्हाईक तुटका स्क्रू घेऊन यायचं, उस्ताद मोजायचे आणि स्क्रू परत द्यायचे. गिऱ्हाईक अकोल्याची एसटी पकडायचं. हळूहळू आमच्याकडे बैलगाडीच्या आसांशिवाय फारसं काही येईना. मग एक दिवस अकोल्याचा भंगारवाला आला आणि खरादाच्या लांब बैठकीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बीड, म्हणजे ओतीव लोखंड, किती भरेल याचा अंदाज घेऊ लागला. उस्ताद पाठ करून उभे राहिले. "दसरा होऊ द्या, मंग ट्रक आना. भंगार देतो," एवढंच म्हणाले. त्यांनी दिलेला शब्द फिरवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास रिसोडचे एक तेलगिरणीवाले शेठ आले. शेठना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बोला" म्हणायची सवय होती आणि समोरच्याला बोलू द्यायची मात्र नव्हती. गिरणीत त्यांनी तेल गाळायचं नवं दाबयंत्र बसवलं होतं. त्यात कापडाच्या थप्प्या एकमेकींवर दाबणारा मनगटापेक्षा जाड स्क्रू असतो. तो हमालांनी पाडून वाकवला होता. "नवीन मागवतो तं चार महिने लागतीन, बोला. दसऱ्यानंतर भुईमूग आला, तीळ आला, गिरणी बंद ठेवू का, बोला." उस्तादांनी सुचवलं की स्क्रू आणि त्याचा नट दोन्ही इंचात नवे करून देतो. पण नटाचे आटे यंत्राच्या बिडाच्या डोक्यातच पाडलेले होते. डोकं बदलायचं म्हणजे यंत्रच बदलायचं. स्क्रू मिलीमीटरचाच हवा होता.

"अन् जमला तं?" उस्तादांनी विचारलं.

"जमला तं माह्या दोन्ही गिरण्यांचं काम तुमच्याकडं. बोला."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. एवढं काम आलं तर खराद न चढवताच ट्रक परत पाठवता येणार होता. खराद वाचवायची ही एकच संधी होती आणि ते आम्हां दोघांना सांगायची गरज नव्हती.

मी नवा नवा आयटीआयवाला, अंगात रग. संचातली निम्मी चाकं मी येण्याआधीच गहाळ झाली होती. उरलेल्यांत खुडबूड करून मी हिशेब काढला, की पंच्याहत्तर आणि ऐंशी दातांची जोडी लावली तर हवं ते अंतर जवळजवळ मिळतं. खरं तर एका बाजूला एकशेवीस दात आणि दुसऱ्या बाजूला एकशेसत्तावीस दात हवे होते. माझी जोडी म्हणजे एकशेवीसला एकशेअठ्ठावीस. फरक एका दाताचा. एवढ्यात कोण मरतंय, असं मी ठरवलं. शेठनी नमुना म्हणून यंत्राचा एक सुटा, पातळ चकतीसारखा नट दिला होता. स्क्रू तयार झाल्यावर तो नट या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यातून सुरी जावी तसा गेला. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आम्ही स्क्रू गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवला.

रिसोडला गिरणीतले हमाल, शेठ, शेठचा मुनीम, सगळे बघायला जमले. मी स्क्रू यंत्राच्या डोक्यात घातला आणि फिरवला. एक फेरा, दुसरा, तिसरा, सगळं झकास. चौथ्याला जड झाला. पाचव्याला असा अडकला की दोन हमालांनी पहार लावूनही हलेना. झालं होतं असं, की प्रत्येक आट्यामागे माझी चूक केसाएवढीच होती. पातळ नटात दोन-तीनच आटे, त्याने ते चालवून घेतलं. यंत्राच्या डोक्यात वीसेक आटे होते. तिथे केसाला केस जोडत गेले आणि शेवटी दोरखंड झाला.

शेठ म्हणाले, "बोला." आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर गप्प राहून वाट बघत उभे राहिले.

परतीच्या एसटीत उस्ताद मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शेलू बाजारची का कुठलीशी माणसं चढली, त्यांना जागा करून दिली, आणि एवढंच विचारलं, "एका दातानं इतका फरक पडते का रे?"

उत्तर मिळालं पाठक सरांकडून. सर आमच्या इथल्या हायस्कुलात गणित शिकवत. त्यांच्या सायकलची साखळी आमच्या शेडसमोरच उतरायची, कारण तिथे रस्त्याला खड्डा होता. साखळी चढवायची, आमच्या रॉकेलने हात धुवायचे आणि चहा प्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. सरांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा उजळला.

"एकशेसत्तावीस? अहो, तो तुम्हाला टाळता येणारच नाही. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलीमीटर. पाच इंच म्हणजे बरोबर एकशेसत्तावीस मिलीमीटर. इंचाकडून मिलीमीटरकडे जायचं तर दार हे एकच. आणि दार फोडून लहान करता येत नाही, कारण ही मूळ संख्या आहे."

"म्हंजे?" उस्तादांनी विचारलं.

"म्हणजे हिला कोणी भागत नाही. तुमचे ऐंशी घ्या. दोन जातात, पाच जातात, आठ जातात. म्हणून ऐंशीच्या ऐवजी लहान चाकं जोडीने लावून काम भागतं. एकशेअठ्ठावीस तर नुसता दोनांचा डोंगर. पण एकशेसत्तावीसला दोनाने बघा, तिनाने बघा, पाच, सात, अकरा, कोणीही बघा. अकराच्या पुढे बघायची गरजसुद्धा नाही. बारा बारा एकशेचव्वेचाळीस, म्हणजे आपण पुढे निघून गेलो. लहान चाकांच्या कुठल्याही जोड्या लावा, तुम्ही तिच्या जवळ जाल, पण तिच्यापर्यंत पोचणार नाही. ती हवी तर ती स्वतःच हवी."

उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. "जिद्दी हाये," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा कौतुक ऐकू आलं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर संचातली दोन-तीन हरवलेली चाकं असती, तर आणखी बरंच जवळ जाऊन शेठचा स्क्रू बसवता आला असता. हे मला पुढे कळलं. उस्तादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नवरदेवाचा चुलतभाऊ कितीबी सारखा दिसला तरी त्याच्या गळ्यात माळ घालत नाहीत.

तेव्हा एकशेसत्तावीस दातांचं चाक करायचं ठरलं; एकशेवीसचं संचात होतंच. विकत मिळायचं, पण मुंबईहून, आणि तेही दसऱ्याच्या कितीतरी नंतर. अकोल्याच्या फाउंड्रीतून बिडाची गोल थाळी ओतून आणली. आता तिच्या कडेचे एकशेसत्तावीस सारखे भाग करायचे. इथे त्या आकड्याने आपला खरा हिसका दाखवला. साठ दात पाडायचे असले तर वर्तुळाचे आधी सहा भाग करावे, मग प्रत्येकाचे दहा. एकशेअठ्ठावीस तर निव्वळ अर्ध्याचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं करत सुताराच्या कंपासनेही जमतील. पण एकशेसत्तावीसचं अर्धं नाही, पाव नाही, तिसरा हिस्सा नाही. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मी कंपासने अंदाजे पावलं टाकत गेलो. शेवटचा भाग प्रत्येक वेळी एकतर निम्मा उरायचा नाहीतर दीडपट. समोर नारायण सुताराचं दुकान होतं. तो गाडीची चाकं करायचा. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, "बारा आऱ्याचं सांगा, चौदाचं सांगा, डोळे झाकून करतो. हे असं अवलक्षणी कोनं सांगतलं तुमाले?"

मग एका दुपारी सरांची साखळी पुन्हा उतरली. या वेळी पार तुटूनच पडली. सर ती हातात लोंबवत आत आले. उस्तादांनी साखळी घेतली, एक एक कडी अंगठ्याखालून सरकवत बसले, आणि मधेच थांबले.

"सर, ह्या साऱ्या कड्या सारख्याच असतीन ना?"

"नव्या साखळीच्या तर अगदी सारख्या. अर्धा इंच, अर्धा इंच."

"मंग आपन वर्तुळ कायले भागून राह्यलो? ज्याले भाग जातच नाही त्याले भागायची जबरदस्ती काहून? कड्या मोजून घेऊ, अन् त्यायचंच वर्तुळ बांधू."

सरांनी चक्क टाळी वाजवली. "अगदी बरोबर उस्ताद! भागून नाही, पण एक एक जोडत गेलं की कुठलीही संख्या बांधता येते. मूळ संख्यासुद्धा. तिलाही एकापासूनच सुरुवात."

मी लगेच दोन नव्या साखळ्या आणल्या, जोडल्या, एकशेसत्तावीस कड्या मोजल्या, बाकीच्या तोडल्या आणि दोन टोकं एकत्र आणली. जुळेनात. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. कड्या बरोबर होत्या, तरी साखळी बंद होईना. सायकलच्या साखळीत एक कडी आतली असते आणि एक बाहेरची, एकाआड एक. आतलीला बाहेरचीच जोडता येते. आणि एकशेसत्तावीस विषम! शेवटी आतलीसमोर आतलीच येऊन उभी. आठ वर्षं सायकल चालवलेल्या माणसाला हे आधी सुचू नये याची मला फार लाज वाटली. उस्ताद मात्र पोट धरून हसले. "पाह्य, हा नंबर अजून आपली परीक्षा घेऊन राह्यला."

सरांनी सांगितलं, दुप्पट कड्या घ्या. आतली-बाहेरची मिळून एक जोडी धरा. जोड्या एकशेसत्तावीस, साखळी बिनतक्रार बंद. तसंच केलं. बाहेरच्या प्रत्येक कडीला गेरूचा ठिपका दिला. पण आता साखळीचा घेर केवढा तरी मोठा झाला. तेवढं गोल चाक आणायचं कुठून? पुन्हा नारायण सुतारच कामाला आला. कोण्या पाटलाने मोटारसायकल घेतल्यापासून त्याची दमणी, म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी, नारायणच्या अंगणात पडून होती. तिचं चाक साखळीच्या घेरापेक्षा जरासंच मोठं होतं. चाकाभोवतीची लोखंडी धाव काढून ते आम्ही खरादाच्या मागच्या टोकाला पक्कं बसवलं. खराद हळू फिरवायचा, नारायणने पटाशीने लाकूड तासायचं, थांबवून साखळी लावून बघायची.

"मोठं चाक घेतलं हेच बरं झालं," उस्ताद म्हणाले. "मोठ्या चाकावर केसभर चुकलं तं छोट्यावर केसाची फाक."

नारायणने शेवटी जरा जास्तच तासलं आणि साखळी ढिली झाली. मग जुन्या वर्तमानपत्राची पट्टी खाली गुंडाळून ती तट्ट बसवली. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. विलायती खराद, त्याच्या मागे दमणीचं चाक, त्याला सायकलची साखळी. एका म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा, की बैल कोण्या बाजूनं जुपता?

दात पाडायची रीत अशी. खरादाच्या पुढच्या टोकाला बिडाची थाळी. वर तुळईवरून एक टोकदार खीळ खाली सोडलेली. ती ठिपक्याच्या कडीत बसली की चाक जागच्या जागी पक्कं. मग हत्यार हाताने पुढे-मागे ओढत थाळीच्या कडेला एक खाच पाडायची. एकेका खाचेला कितीतरी ओढी लागायच्या. मग खीळ उचलायची, चाक एक ठिपका पुढे सरकवायचं, खीळ सोडायची. वीज असो नसो, काम चालू. आम्ही दोघं आलटून पालटून ओढत होतो.

आणि इथेच मला मूळ संख्येचा खरा स्वभाव कळला. दुसरं कुठलंही चाक असतं तर निम्म्यावर थांबून तपासता आलं असतं, की समोरासमोर दात आला का. इथे मधे थांबायला मुक्कामच नव्हता. समोरासमोर दाताला दात येतच नाही, दातासमोर खाच येते. आपण बरोबर चाललोय की चुकत चाललोय ते सांगणारी खूण वाटेत कुठेच नाही. शेवटच्या दातापाशी पोचाल तेव्हाच कळेल. तोवर नुसता विश्वास ठेवायचा. असं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

सर शाळा सुटली की यायचे. एकदा उस्तादांनी त्यांना विचारलं, "सर, ह्याच्याहून मोठे असे जिद्दी नंबर असतीन का?"

"संपतच नाहीत ते. कितीही पुढे जा, आणखी एक असतोच." सरांनी खिशातला खडू काढला. "आणि तुमच्या याच एकशेसत्तावीसची गंमत बघा. दोनाला दोनाने गुणत जा, सात वेळा दोन घ्या, होतात एकशेअठ्ठावीस. त्यातून एक वजा केला की हा मिळतो. आता सात नाही, एकशेसत्तावीस वेळा दोन घ्या, आणि तसाच एक वजा करा." त्यांनी काळवंडलेल्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. लिहिताना ते एकदाही अडखळले नाहीत. "एकोणचाळीस आकडी संख्या. हीदेखील मूळ. एक आणि ती स्वतः, तिसरं कोणी हिला भागत नाही."

नारायण पटाशी खाली ठेवून बघत होता. "हे कोनं तपासलं? इतके भागाकार करता करता जलम जाईन."

"भागाकार करत बसलाच नाही तो. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने एक वेगळी युक्ती शोधली आणि हाताने, कागदावर, बिनयंत्राचं सिद्ध केलं. त्यानंतर पाऊणशे वर्षं याच्याहून मोठी मूळ संख्या कोणालाच माहीत नव्हती. आता परदेशात यंत्रांनी सहा हजारांवर आकड्यांची शोधलीय. तीही याच कुळातली, दोनांच्या गुणाकारातून एक वजा केलेली. पण हाताने केलेल्यांत हीच मोठी."

उस्ताद भिंतीजवळ गेले. त्यांना शाळा फारशी लाभली नव्हती. त्यांनी त्या रांगेवरून, खडू पुसणार नाही अशा बेताने, हवेतच बोट फिरवलं. "हातानं," ते म्हणाले. मग खरादापाशी येऊन माझ्या हातातला दांडा घेतला आणि पुन्हा ओढू लागले. मी बाहेर जाऊन उगाच पाणी प्यायलो.

शेवटच्या दिवशी सर सुट्टी काढून आले होते. नारायणने दुकान बंद ठेवलं होतं. एक एक ठिपका कमी होत गेला. शेवटची खाच पाडून उस्तादांनी हत्यार मागे घेतलं, फुंकर मारली आणि वाकून बघितलं. शेवटचा दात पुरा आला होता. निम्मा नव्हता, दीडपटही नव्हता. फक्त बाकीच्यांपेक्षा केसभर जाड. बहुधा वर्तमानपत्राची पट्टी जिथे एकावर एक आली होती, तिथली ती करामत. डोळ्याला दिसत नव्हता, नखाला लागत होता.

मी कानस उचलली. उस्तादांनी माझा हात धरला. "ठेव ते. कुठं थांबावं ते कानसीले समजत नाही."

त्या चाकावर पाडलेला स्क्रू आम्ही पुन्हा एसटीच्या टपावर टाकून रिसोडला नेला. या वेळी कुणी हसत नव्हतं, मी तर नाहीच. स्क्रू डोक्यात घातला. पाचवा फेरा गेला. मग मी मोजणं सोडून दिलं. तो पार दुसऱ्या बाजूने बाहेर आला. शेठनी स्वतः दोन बोटांनी फिरवून बघितला, मागे बघितलं आणि म्हणाले, "काय बोलू!" उस्तादांनी यंत्राला हात लावून डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

दसऱ्यानंतर भंगारवाल्याचा ट्रक ठरल्याप्रमाणे आला. शब्द तर मोडायचा नव्हता. उस्तादांनी ड्रायव्हरला चहा पाजला, शेडमधला वर्षांनुवर्षांचा लोखंडाचा कीस पोत्यांत भरला आणि ट्रकमध्ये चढवून दिला. "भंगार देतो म्हनलं होतं, देलं," असं म्हणून त्यांनी ट्रकचं फाटक स्वतः लावलं. खराद जागेवरच राहिला. त्यानंतर शेजारच्या मालेगावचीही गिऱ्हाइकं मिलीमीटरचं काम घेऊन आमच्याकडे यायला लागली.

दमणीचं चाक मात्र पुन्हा दमणीला लागलं नाही. इतकं तासल्यावर त्याला धाव बसेना. नारायणने ते पुढे चुलीत घातलं. त्या सगळ्या जोडकामाचा एक फोटो काढावा असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

नवं चाक लावून खराद चालला की दर फेऱ्याला एक आवाज यायचा. टक. तो जाड दात. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता, पण उस्ताद दुरूनही मान वर करायचे. त्यांना ते लागायचं. एवढं करून माझ्या खरादाला लंगडं चाक, असं एकदा म्हणालेही. तेव्हा सरांनी त्यांना समजावलं होतं, की एकशेवीस आणि एकशेसत्तावीस यांच्यात समाईक असं काही नाही. त्यामुळे कुठल्याच दाताची कुठल्याच दाताशी कायमची जोडी लागत नाही. आज हा दात ज्या खाचेत बसला, तिथे परत यायला त्याला आधी बाकीच्या सगळ्या खाचांना भेटून यावं लागतं. एकही सुटत नाही. तुमचा जाड दात सगळ्यांच्या हाताखालून जाईल आणि सगळे मिळून त्याला घासतील. समाईक भाजक असते, तर तो त्याच त्या चार दातांना चावत बसला असता.

उस्ताद विचार करून म्हणाले होते, "कोनाची जात-बिरादरी नाही म्हना की. साऱ्यायले साऱ्यायशी बसनं हाये." मग माझ्याकडे बघून हसले होते. मला पहिल्या दिवसाचा माठ आठवला.

सरांची पुढे बदली झाली. भिंतीवरचा आकडा मात्र राहिला. दर दिवाळीला शेडला चुना लागायचा, तेवढा पट्टा सोडून. खडू फिका पडला की मी त्यावरून पुन्हा गिरवायचो. उस्तादांची नजर गेली तसा खराद माझ्या हाती आला, पण ते रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि माठाशेजारच्या स्टुलावर बसायचे. काम बघता यायचं नाही, ऐकायचे.

एका सकाळी मी नेहमीसारखा मिलीमीटरचा एक दांडा चढवून आटे पाडत होतो. उस्ताद बराच वेळ मान तिरपी करून बसले होते.

"सुखदेवा, खराद काहून बंद केला रे?"

"चालू हाये ना उस्ताद. आटे पाडून राह्यलो."

"एकशेसत्तावीसचं चाक लावलं हाये का?"

"तेच हाये."

आणखी काही फेरे गेले. मीही हत्यार सोडून कान दिला. मलाही काही ऐकू आलं नाही. उस्तादांनी हात पुढे केला. मी खराद थांबवला आणि त्यांना हाताला धरून चाकापाशी नेलं. त्यांनी नख लावून चाक सावकाश फिरवलं. एक पुरा फेरा झाला, मग दुसरा.

"सापडत नाही," ते म्हणाले. "कोनता होता तो?"

मी शोधला. मलाही सापडला नाही.